सड्यावर अडलेली पालखी

मोबाईलची रेंज फक्त सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर लागायची, म्हणून मी जनीआजीकडे जास्त जायला लागलो, हे खरं. पण ओळख त्याच्या फार आधीची. आमच्या लहानपणी ती आणि तिचा नवरा विठू सड्याच्या उतारावर खैर उकळून कात काढायचे. थंडीत सावर्ड्याच्या शाळेतनं चालत येताना त्या भट्टीचा तुरट धूर नाकात शिरला की घर आल्यासारखं वाटायचं. पुढे विठू गेला, भट्टी विझली. तसला धूर आजही कुठे आला तर माझे पाय आपोआप थांबतात.

अख्खा गाव तिला नुसतं 'जनी' म्हणायचा, कालची पोरंटोरंसुद्धा. कातकरी ना ती! त्यावरनं मी किती जणांच्या अंगावर गेलो असेन. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. "आजी म्हणालास म्हणून खेकडे फुकट नाय मिळायचे," एवढंच म्हणायची.

दिवाळी झाली की तिची वाडी कोळसा पाडायला परमुलखात जायची. जाताना झोपड्या उतरवायच्या, काटक्यांच्या भिंतींचे कूड आणि वासे कातळाच्या आडोशाला रचून ठेवायचे, मे संपताना येऊन पुन्हा उभ्या करायच्या. पिढ्यान् पिढ्यांची रीत. मागे राहायची ती एकटी जनीआजी, दगडाच्या कपारीला लावलेल्या खोपटात.

चार वर्षांपूर्वीच्या माघात बांधकामाचे चिरे काढणारा खाणवाला गावात आला आणि त्यानं सड्यावर ड्रोन उडवला. पंचायतीच्या भिंतीवर रंगीत नकाशा लागला. गावातली सगळी घरं त्यात, आणि सडा? 'मोकळी पड'. मे महिन्याच्या ग्रामसभेत खाणीला हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. मी पंचायतीत जाऊन टेबल बडवलं.

सरपंच अनिल शांतपणे म्हणाला, "संदेश, ओरडू नको. वरनं फोटो काढलाय. एक तरी घर दाखव."

काय दाखवणार? घरं आडोशाला रचलेली होती.

तसाच तणतणत सड्यावर गेलो. त्या दिवसांत मी मोबाईलवर एक नकाशा बघत असायचो, जगात कुठली जमीन मुळात कुठल्या लोकांची ते रंगवून दाखवणारा. म्हटलं, आजीला दाखवू.

"हे बघ, अमेरिका. हे सगळे रंग म्हणजे तिथली तुमच्यासारखी माणसं. आता तिकडे सभा सुरू करताना आधी उठून सांगतात, ही जमीन अमक्यांची आहे, आम्ही मागनं आलो."

"सांगतात? आणि मग परत देतात?"

"नाय. बहुतेक नुसतंच सांगतात."

"मग आमचा गाव बरा. नारळ तरी देतो." ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "आमचा सडा दाव."

बोटानं नकाशा मोठा केला. आमच्या सड्यावर रंग नव्हता, नाव नव्हतं. पंचायतीतला नकाशाही असाच आहे, हे मी तिला सांगितलं. तिनं त्या पांढऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"विठूला इथंच पुरलाय," ती म्हणाली. "त्याच्यावर खाण पाडणार व्हय?"



नारळाचं सांगायला हवं. शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी सड्यावर चढते, तेव्हा हद्दीच्या पऱ्ह्याशी, म्हणजे ओढ्याशी, थांबते. गुरव पुढे होऊन कातकऱ्याच्या हातात नारळ देतो, तो कातकऱ्यानं फोडायचा, मगच पालखी पऱ्ह्या ओलांडते. का, ते कुणी विचारत नाही. आधी विठू फोडायचा, मग त्याचा मुलगा सदू. शिमग्याला तो कोळशाच्या भट्टीवरनं हटकून यायचा. त्या वर्षी मालकानं सोडला नाही.

पऱ्ह्याच्या पलीकडे जनीआजी उभी होती. बाबू गुरवानं नारळ पुढे केला. तिनं घेतला आणि कमरेवर धरून नुसती उभी राहिली.

"फोड गो, जने," बाबू म्हणाला.

"कुणाचा मान हा?"

"जागेवाल्याचा."

"जागा तर मोकळी हाय म्हणे. मोकळ्या जागेचा नारळ मी कसा फोडू?"

ढोल थांबले. उचललेली पालखी सहाणेशिवाय, तिच्या ठरलेल्या चौथऱ्याशिवाय, खाली टेकवायची नाही, आणि सहाण राहिली गावात. भोयांचे खांदे दुखायला लागले.

"जने, देवीपुढं हट्ट करू नको," अनिल पुढे आला.

"हट्ट तुजा रं, सरपंचा. तू सांग देवीला, हितं कोण ऱ्हातं ते."

अनिल घामाघूम. मागनं एक भोई ओरडला, "अरे सांग की लवकर, खांदा मोडला!" हशा पिकला, त्यात अनिलही हसला, आणि देवीकडे तोंड करून म्हणाला, "आई, सडा कातकऱ्यांचा."

"मग चला माज्या हद्दीनं," आजी म्हणाली आणि नारळ फोडला.

ती पुढे, मागे पालखी. पऱ्ह्या, झऱ्याचा कातळ, ऐनाची झाडं, रचलेले कूड-वासे, विठूचा दगड. मी मोबाईल हातात धरून तिच्या शेजारनं चाललो, वाट नोंदवत. पालखी फिरून पऱ्ह्याशी आली, तेव्हा मोबाईलवर आमच्या वाटेची निळी रेघ सुरुवातीला येऊन मिळाली होती. मी त्यात नाव भरलं: कातकरवाडी.

मेच्या ग्रामसभेत मी तो नकाशा छापून भिंतीवर लावला. खाणवाला म्हणाला, हा कुणी काढला, याला काय आधार? मी तोंड उघडायच्या आत मागनं भोई उठले. "आमी फिरलोय त्या हद्दीनं, देवी खांद्यावर घेऊन." खाणीच्या ठरावाला हात वर झालेच नाहीत.

आठवड्यानं वाडी परत आली. मी सड्यावर होतो. सदूला वाटेतच बातमी लागली होती, तो तिथनंच आईवर उखडत आला.

"पालखी अडवलीस? आता गावात तोंड कसं दावू मी?"

जनीआजीनं आडोशाचा एक कूड ओढून त्याच्यापुढे टाकला.

"आधी भिंत उभी कर," ती म्हणाली. "मग आत बसून काय ती शिवी दे."