आग्नेय कोपऱ्यातली तार

सोलापुरात म्हणे जमीन तापवायची! वैशाखात इथं अंगणात पाय ठेवला तर चटका बसतो. पण शेठचा चादरींचा धंदा जोरात, मुलगा पंच्याहत्तर साली जर्मनीहून शिकून आलेला, आणि शेठच्या आईचे, सुंदरम्मांचे, गुडघे थंडीत आखडायचे. नातवानं येताना फरशीखाली घालायच्या विजेच्या तारेचं भेंडोळं आणलं, नव्या बंगल्यातल्या एका खोलीपुरतं.

खालची जमीन तयार करायचं काम बसप्पाकडं आलं. पंचवीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवत आलेला मैंदर्गीचा माणूस. मुरूम चोपायला बायको, चंद्रव्वा. ओल्या कोब्यावर उकिडवं बसून तिच्याही गुडघ्यांची वाट लागलेली. पण कान असा, की मुरमावर धुम्मस पडली की नुसत्या आवाजावरून सांगायची, "हितं अजून पोकळ हाय, मारा." धाकट्या मालकांनी, म्हणजे शेठच्या मुलानं, बजावलं होतं, खाली खडा टोचला तर तार जाईल, ओल राहिली तर जाईल. मग काय! चंद्रव्वानं तांदूळ निवडावेत तशी ती खोली निवडली. कोबा महिनाभर वाळवला.

तिचे कष्ट बघून सुंदरम्मा म्हणाल्या, "वास्तुशांतीला तू पण ये गं. बस ह्यावर, शेक घे." झालं, चंद्रव्वाला उठता-बसता तोच ध्यास. "खरंच ऊब येती का हो?" बसप्पा खेकसायचा, पण त्यालाही तेच हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी केल्या, एकीवर तरी आपली बायको घटकाभर निवांत बसावी, एवढंच.

तार घालण्याआधी त्यानं विचारलं होतं, "धाकटं मालक, आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरायला खड्डा सोडू का?"

"छे! असलं काही करायचं नाही आपल्याला," धाकटे मालक हसले. तार कोपऱ्यापर्यंत गेली, वर शहाबादी फरशी बसली.

आणि ऐन थंडीत, वास्तुशांतीच्या सकाळी भटजींनी विचारलं, "खड्डा कुठाय?"

सुंदरम्मांनी कपाळावर हात मारून घेतला. शेठनी बसप्पाला आत बोलावलं. "मालक, तितं तार हाय," तो म्हणाला. "एकच तार खोलीभर फिरलीया. एका जागी तुटली की सगळी गेली." त्यानं धाकट्या मालकांकडं बघितलं. जर्मनी बघून आलेला तो शहाणा बापापुढं खाली मान घालून उपरण्याशी चाळा करत बसला. अरे, बोल की बाबा!

"तार मोठी का वास्तू मोठी?" शेठ कडाडले. "छिन्नी घे!"

दार लोटलं, बटण बंद केलं. बसप्पानं फरशी उचलली, छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला तांबं चमकलं आणि तुटलं. वास्तुपुरुष पुरला, फरशी परत बसली.

"पाहुण्यांत बोभाटा नको," शेठ म्हणाले. "आणि कुणी विचारलंच, तर तुझ्या हातनं तुटली, ध्यानात ठेव."

पाहुणे आले, बसले, आणि काय सांगावं, "वा शेठ, काय ऊब!" म्हणू लागले. मग सुंदरम्मांनी चंद्रव्वाला हाक मारली. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली. पाय धुऊन, दबकत, गुडघे धरत ती बसली. तळवा फरशीवर टेकला. उंबऱ्यापाशी उभ्या बसप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लागती की ऊब, अव्वा," चंद्रव्वा म्हणाली. "लई बरं वाटतंय."

घरी जाताना त्याला राहवेना. "चंद्रे, ती तार..."

"म्हाईत हाय. मी भायेर पत्रावळ्या पुसत हुते. तिसरा घाव कोब्यावर पडला न्हवता."

"मग गार फरशीवर बसून ऊब लागती कशाला म्हनलीस?"

ती लंगडत पुढं निघाली होती, थांबली नाही. "गार हाय म्हनलं असतं, तर कुनी तोडली म्हनून इचारलं असतं की. तुमच्या बाजूनं तितं कोन बोललं असतं?"