पापणीच्या आतला निळा ठिपका

वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा तिथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक मॅडम होत्या. निवृत्तीला आलेल्या, बोलायला कमी. रिपोर्टवर सही करण्याआधी त्या हटकून विचारायच्या, "नमुना कसा घेतला?" पहिलं वर्षभर मला तो प्रश्न अपमानासारखा वाटायचा.

एका मंगळवारी आंजीहून बारा दिवसांची मुलगी आली. दोन्ही डोळे सुजलेले, पापण्या पुवाने चिकटलेल्या. सोबत आई, वडील आणि आजी. गावच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब चार दिवस घालून झाले होते. मी कापसाच्या काडीने पू टिपला आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरवला. दोन दिवसांनी प्लेट कोरीच. जंतू नाहीत, असं लिहून रिपोर्ट सहीला ठेवला.

मॅडमनी सही केली नाही.

"पू घेतलास की पेशी?"

"पू."

"पेशीच्या आत राहणारा जंतू पुवात कसा सापडेल? आणि प्लेटवर तो वाढतच नाही. त्याला जिवंत पेशी लागते."

त्यांनी बाळाला परत बोलावलं. डोळा बधिर करणारा थेंब टाकला, अंगठ्याने पापणी उलटवली आणि बोथट पट्टीने आतली बाजू अलगद खरवडली. साठीजवळचा तो हात जराही हलला नाही. खरवडलेलं काचपट्टीवर घेऊन मी रंगवलं आणि अर्धा तास सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसले. काही दिसेना. मग त्या बसल्या, काचपट्टी थोडी सरकवली आणि म्हणाल्या, "बघ."

एक पेशी होती. तिच्या केंद्रकाला टोपीसारखा चिकटून एक दाणेदार निळा-जांभळा ठिपका.

"क्लॅमिडिया," त्या म्हणाल्या. "पेशीबाहेर हा इवलासा, कडक कवचाचा, जवळजवळ निपचित. पेशीला चिकटला की पेशी स्वतःच त्याला आत घेते. असं आत आलेलं ती एरवी पचवून टाकते. हा मात्र ज्या पिशवीत आला तिचीच खोली करतो, पाचक रस तिथवर पोचूच देत नाही. मग कवच सैल करून मोठा होतो, पेशीच्याच अन्नावर वाढतो, एकाचे शेकडो होतात. दोन-तीन दिवसांत ते पुन्हा लहान, कडक होतात, पेशी फोडून निघतात आणि शेजारची पेशी धरतात."

परीक्षेसाठी हे सगळं मी पाठ केलं होतं. पण त्या पेशीत ते प्रत्यक्ष घडलेलं पाहून थक्क झाले. इतक्या तुटपुंज्या सामानात इतकी हुशारी! मॅडमना तसं म्हणाले. त्या किंचित हसल्या. "कौतुक कर. पण रिपोर्ट आधी पाठव. हा छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो. नुसत्या थेंबांनी भागणार नाही, पोटातून औषध द्यावं लागेल."

खरं अवघड काम पुढेच होतं. हा जंतू जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागतो आणि नवरा-बायकोत शरीरसंबंधातून पसरतो. मॅडमनी आजीला बाळासह बाहेर बसायला सांगितलं, दोघांना आत घेतलं. मलाही थांबवून घेतलं. आमच्याशी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलू लागल्या.

"माह्याकडून आलं असन का?" नवऱ्याने विचारलं.

"असू शकते. तिच्याकडूनही असू शकते. बऱ्याच जणांले काही तरासच होत नाई, म्हणून कधी आलं ते कोणी सांगू शकत नाई. दोघांनीही संगंच दवा घ्यायची."

बायको खाली मान घालून बसली होती. "सासूबाई विचारतीन," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणल्याशिवाय मी कोणालेच काही सांगत नाई."

बाहेर बाकांवर दाटी होती. आजी उठून उभी राहिली. "काय निघालं पोरीच्या डोयात?"

मला वाटलं, आता नवरा काहीतरी थाप मारेल. त्याने लेक हातात घेतली. "जंतू निघाले, माय. आमच्याकडूनच लागले तिले. मलेही दवा घ्यायची हाये, इलेही."

"काऊन? तुमचे डोये तं चांगले हायेत."

"बिमारी माह्याच अंगातली असन. इले काही म्हणू नको."

चारचौघांत, स्वतःच्या आईसमोर. आजीने नातीचं टोपरं नीट केलं आणि मला विचारलं, "दवा दिवसातून किती येळा पाजाची?"

खात्रीसाठी नागपूरला पाठवलेल्या नमुन्यातही तोच जंतू निघाला. पंधरा दिवसांनी आई-वडील बाळाला घेऊन पुन्हा आले. बाळ टकामका पाहत होतं. आई लॅबच्या दारात घुटमळली. तिला ते जंतू बघायचे होते. मी ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली. तिने बराच वेळ पाहिलं.

"हे अजून जित्ते हायेत?"

"नाही. रंगवतानाच मेले."

"दिसाले सुंदर हायेत," ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली.

तेवढ्यात मुलांच्या ओपीडीत तिचा नंबर पुकारला. तिथल्या डॉक्टरांनी बाळाची छाती नीट तपासली. स्वच्छ होती.