दोन किलो जुना तांदूळ

माझे वडील जंगलहक्काच्या सभा घेत. उरलेली पत्रकं घरी यायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि छापलेली बाजू तोंडपाठ करायची. त्यामुळे देवरीच्या आमच्या कॉलेजातून आम्ही सहा जण दहा दिवस जपानची भातशेती पाहायला निघालो, तेव्हा तयारीच्या सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यांचं पत्रकच करून टाकलं.

'साथींनो, आपण उपकारावर चाललेलो नाही, शिकायला चाललो आहोत,' अशी सुरुवात होती. कपडे कमी, कागद जास्त. पासपोर्टच्या दोन प्रती, एक स्वतःकडे, एक सोबत्याकडे. विमानात शौचालय कुठं ते विचारायला लाजू नका. तिथले नियम मोडू नका. आपल्या रीतीची लाज बाळगू नका. आणि शेवटी, जाड अक्षरांत: धान, तांदूळ, बियाणं, मोहफुलं बॅगेत नकोत, तिथल्या विमानतळावर अडवतात.

ते पत्रक मला आजही चांगलं वाटतं.

निघायला चार दिवस होते. मी लटकता वजनकाटा घेऊन प्रत्येकाच्या घरी बॅगा मोजत फिरत होते. जंगलालगतच्या गावातल्या माझ्या मैत्रिणीची बॅग दिसत होती त्यापेक्षा जड निघाली. स्वेटरखाली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला गेल्या वर्षीचा जुना तांदूळ होता, दोन किलो तरी.

"मावशी, हे नाही नेता येत," मी तिच्या आईला म्हटलं.

"काऊन?"

"कागदावर लिहिलंय ना."

"अन् माही पोरगी काय खाईन तिथं? आमचं नवं झालं नाही अजून."

नवं म्हणजे नव्या धानाचा पहिला घास. तो घरच्या देवांना दिल्याशिवाय या घरातलं कोणी नवा तांदूळ तोंडात घालत नाही. आणि जपानात तेव्हा कापणी सुरू झालेली, ताटात नवाच भात येणार.

"तांदूळ नाही जात तं पोरगी बी नाही जात," मावशी म्हणाली आणि बॅगेची चेन ओढून बसली.

मी पेटले. वर्षभर शेतावर राबून, फॉर्म भरून, मुलाखत देऊन मिळवलेली जागा एका घासासाठी सोडायची? मी बोलत सुटले, सभेत बोलतात तशी.

मावशीनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुह्या कागदात लिवलं आहे म्हणते पोरगी, तिथले नियम मोडू नका. मंग आमचा काऊन मोडतेस? आमचा का कागदावर नाही म्हणून?"

माझंच वाक्य होतं ते.

"मी भातच नाही खाणार दहा दिवस," मैत्रीण हळूच म्हणाली.

"धान पाहाले जाऊन राहिली अन् भात नाही खात. हसतीन ना लोकं," तिचा आजा ओसरीवरून बोलला. घरची पूजा तोच करायचा. "वरच्या बांधीत हलका धान आहे, लवकर पिकते. कोपऱ्यातल्या लोंब्या पिवळ्या झाल्या. मूठभर निघते."

"गावाचं नवं अजून व्हायचं आहे, बाबा, त्याच्या आधी घरचं कसं करता," मावशी म्हणाली.

"गावाले मी विचारतो. गाव आपलं करन मागून. पोरीचं विमान थांबते का?"

तो काठी घेऊन निघाला. परत आला तेव्हा नुसता म्हणाला, "उद्या सकारी."

दुसऱ्या दिवशी मूठभर लोंब्या भाजून, कांडून देवांपुढं पानावर ठेवल्या. मग मैत्रिणीला, मग सगळ्यांना, मलाही. चिमूटभर दाणे, थोडे हिरवटच. त्यानंतर मावशीनं स्वतः बॅग उघडली आणि तांदळाचं गाठोडं काढून कणगीत रिकामं केलं.

पत्रकात मी एक ओळ वाढवली: 'निघण्याआधी घरच्यांना विचारा, त्यांच्या दृष्टीनं काय राहिलंय. ते करूनच निघा.'

जपानात चौथ्या दिवशी एका शेतकरीण बाईंच्या घरी जेवायला होतो. वाट्यांतून वाफा निघत होत्या. दुभाष्यानं सांगितलं, हा तांदूळ या आठवड्यातला, अगदी नवा. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिनं माझ्याआधी वाटी उचलली.

"पाहतेस काय?" ती म्हणाली. "आमचं झालं आहे."