दाढेचं निमित्त

लांगालांगाच्या खाडीतल्या दवाखान्यात नेस्टाबाई एकट्याच नर्स. बाळंतपणं करता करता केस पिकले, आणि प्रत्येक गरोदर बाईला सांगून सांगून तोंडाला फेस आला: "पाणी गेलं की कळ येवो न येवो, तशीच निघून ये. थांबलीस तर खालचे जंतू वर चढतात, बाळाच्या रक्तात जातात." बायका मान डोलवत. मान डोलवायला काय जातं!

अनिलाचं पाणी सोमवारी सकाळी गेलं. नवरा दूर राजधानीला, होनियाराला कामावर. तिच्या बेटावरून दवाखान्यात यायला इंजिनाची बोट एकच, तिच्या थोरल्या भावाची, फिउची. आणि तिथे बहिणीच्या अंगाची गोष्ट भावाच्या कानावर घालायची नसते. पोट सगळ्यांना दिसतं, पण बोलायचं नाही. बोललं तर भावाचा अपमान. म्हणून आईने फिउला सांगितलं, "अनिलाची दाढ ठणकतेय रे, दवाखान्यात सोड तिला."

फिउ हसला. "दाढेपायी पेट्रोल जाळू होय? मिठाच्या गुळण्या कर म्हणावं. उद्या मासे विकायला जायचंच आहे, तेव्हा नेतो." माणूस वाईट नव्हता. खरं कळतं तर त्याने हातातलं टाकून बोट काढली असती.

मंगळवारी दुपारी अनिला पोचली तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. नेस्टाबाई आईवर कडाडल्या, "अगं, वल्ही मारत तरी आणायचीस!"

"वारा उलटा होता, सिस्टर," म्हातारी पुटपुटली.

मुलगी झाली, रडलीही. संध्याकाळी तिने दूध सोडलं आणि कण्हायला लागली. नेस्टाबाईंनी पेनिसिलिन टोचलं, जेंटामायसिन टोचलं. जंतू स्ट्रेप्टोकोकस की ई. कोलाय, हे सांगणारी प्रयोगशाळा समुद्रापलीकडे. सगळे अंधारात मारलेले तीर. उजाडायच्या आत पोर गेली.

फिउ दारातच थांबला. डोळे लाल. "सिस्टर, कशानं गेली हो? मला आधी कुणी बोललं असतं तर..."

अनिलाने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हातारीने नेस्टाबाईंचं मनगट घट्ट धरलं. सगळं अगदी जिभेवर आलं होतं, पण नेस्टाबाईंची हयातही याच खाडीत गेली होती.

"तापानं," त्या म्हणाल्या.

फिउ मान खाली घालून बोट आणायला गेला. त्याची पाठ वळताच अनिलासोबत बोटीतून आलेली धाकटी बहीण आत आली, सात महिन्यांची पोटुशी. "सिस्टर," तिने हळूच विचारलं, "माझ्या वेळी दादाला काय सांगायचं?"