कुलूपवाल्या मामांची साक्ष

कुलूपवाले मामा गप्पिष्ट, पण हात हलका. किल्ली हरवून रडकुंडीला आलेल्या माणसाला आधी हसवायचे, मग दार उघडून द्यायचे. बँकेची कामंही त्यांच्याकडे यायची. कुणाचे हप्ते थकले की साहेब पोलिसाला घेऊन यायचा आणि मामा जुनं कुलूप काढून नवं बसवायचे.

एकदा असंच एक बंद घर उघडलं. आत दोरीवर झबली-दुपटी वाळत होती. पाळणा अजून खोक्यातच होता.

"साहेब, इथे बाळ यायचंय."

"नोटीस दिलीय. तुम्ही कुलूप बसवा."

मामांनी बसवलं. संध्याकाळी मात्र राहवेना, म्हणून परत गेले. शिवणकाम करणारी बाई, तिची बाळंतीण लेक आणि दुपट्यातली नात पायरीवर बसलेली. नोटीस आली तेव्हा बाई दवाखान्यात लेकीच्या उशाशी होती.

मामा तिघींना घरी घेऊन आले. बायकोने आधी पाणी तापत ठेवलं. मग सगळं ऐकून नवऱ्याकडे रोखून पाहिलं. बाईचं शिलाई मशीन कुलपात अडकलेलं. मामींनी शेजारणीकडून जुनं मागून आणलं आणि मागची खोली रिकामी करून दिली.

मामांनी बँकेची कामं सोडली. कर्जदारांची संघटना कायदा बदलावा म्हणून झगडत होती. आमदारांच्या समितीपुढे मामा साक्षीला गेले, पण एवढा बोलका माणूस तिथे मोजकंच बोलला. म्हणाले, "कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. पण कुलूप मी चहा निवायच्या आत बदलतो. तेवढा वेळसुद्धा त्या बाईला आपलं म्हणणं मांडायला मिळाला नाही."

कायदा रखडत रखडत का होईना, झाला. न्यायाधीशाने घरच्यांचं ऐकल्याशिवाय राहत्या घराला हात लावायचा नाही. घर विकलं गेलं नसेल, तर जुन्या प्रकरणांनाही सुनावणी. बाईच्या घराला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. सुनावणीत हप्ते लहान झाले, घर परत मिळालं.

निघायच्या दिवशी चिमुरडी मामींचा पदर सोडेना. मामींनी तिला कडेवर घेतलं. "दिवसा हिला माझ्याकडेच ठेवत जा. तुझं मशीन निवांत चालेल."

बाई डोळे पुसत हसली. "ताई, हे मीच विचारणार होते. धीर होत नव्हता."