जुना व्हॉल्व जमा करा

आमच्या खाणीच्या स्टोअरमध्ये एक नियम होता. नवा पार्ट हवा असेल तर जुना आणून टेबलावर ठेवायचा. बेअरिंग असो, गास्केट असो, नाहीतर साधा नट असो. तुटका, जळका, गंजका कसाही चालेल, पण हवा. स्टोअरबाबू तो हातात घेऊन बघायचे, कोपऱ्यातल्या ढिगावर फेकायचे आणि मगच नवा द्यायचे. हा नियम आमच्या इतका अंगात मुरला होता की कॉलनीतल्या घरांतही तो चालू होता. माझी बायको मुलांना पेन्सिलीचा जुना तुकडा हातात पडल्याशिवाय नवी पेन्सिल देत नसे.

खाण भद्रावती तालुक्यातली, उघडी. म्हणजे जमिनीला पाडलेला एक प्रचंड खड्डा. त्याच्या तळाशी पाणी साचायचं आणि ते वर फेकणाऱ्या पंपांवर मी फिटर होतो. पंपाची एक लांब नळी पाण्यात सोडलेली असते. तिच्या टोकाला एक झडप असते, तिला आम्ही फूटव्हॉल्व म्हणतो. पाणी वर जाऊ द्यायचं, पण खाली परत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती गळू लागली की पंप बंद करताच नळी रिकामी होते, आणि पुन्हा सुरू केल्यावर पंप नुसताच फिरतो, पाणी ओढत नाही. मग वरून बादल्यांनी पाणी ओतून नळी भरत बसावं लागतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला पडद्यावर माझं हृदय दाखवलं आणि त्यात तीच भानगड होती. एका झडपेला धरून ठेवणारे दोरे सैल झाले होते, एक तुटला होता. रक्त पुढे जायच्या ऐवजी थोडं मागे येत होतं. खाणीच्या तळातून वर येताना चढावर एक मोठा दगड होता, तिथे मला धाप लागून थांबावंच लागायचं. लोक म्हणायचे, बिडीमुळे. मी आयुष्यात बिडी ओढली नाही, तरी मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

डॉक्टर म्हणाले, "झडप बदलायची नाही, दुरुस्त करू. छाती फाडायची गरज नाही. उजवीकडे बरगड्यांमधून छोटा छेद देऊ, एक मांडीच्या सांध्यात. आतमध्ये नवे दोरे लावू, झडपेभोवती एक कडी शिवू." ते हे हिंदीत सांगत होते, तेलुगू वळणाच्या, फार प्रेमाने.

मी विचारलं, "साहेब, मग जुनं काय निघेल?"

"कुछ नहीं निकलेगा."

"थोडासा तुकडा?"

"टुकडा क्यों चाहिए?"

मी त्यांना स्टोअरचा नियम समजावून सांगितला. अगदी मनापासून सांगितला. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे. नर्सने माझा ताप पुन्हा मोजला.

ऑपरेशन चांगलं झालं. होळीनंतर घरी आलो आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. सफरचंदं, बिस्किटं, दुधात टाकायच्या पावडरचे डबे. बायकोच्या विहारातल्या बाया आल्या, तर नारळपाण्याचा घोस घेऊन. चहा झाला, हालहवाल झाली, की हळूच कोणीतरी म्हणायचं, "दाखव ना मंग."

मी बनियन वर करायचो. उजव्या बाजूला बोटाएवढी एक रेघ.

लोक वाकून बघायचे. "बस? एवढंच?"

माझा साळा आलापल्लीला वनखात्याच्या डेपोत आहे. तो मुद्दाम एसटीने आला होता. त्याने वाकून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, आमी तोडाच्या सागावर हातोड्यानं निशाणी मारतो नं, तेबी याच्यापेक्षा मोठी असते."

दुसरी रेघ मांडीच्या सांध्यात होती. ती दाखवण्यासारखी नव्हती, त्यामुळे पुरावा अर्धाच राहायचा.

त्यातच आमच्या शेजारी चाचा. ते डोझर चालवायचे. त्यांचं ऑपरेशन आधीच्या वर्षी झालेलं, जुन्या पद्धतीचं. गळ्याखालून पोटापर्यंत सरळ रेघ, आत हाड तारेने बांधलेलं. माझी रेघ पाहून लोक हिरमुसले होऊन निघायचे आणि बाजूलाच चाचांच्या घरी जायचे. भिंतीपलीकडून मला "अरे बाप रे!" ऐकू यायचं. चाचा बिचारे भले माणूस. एका संध्याकाळी ते स्वतःहून आले, म्हणाले, "बुरा मत मानो. मेरा तो पूरा बोनेट खोला था. तुम्हारा साइड से हाथ डालके कर दिया. काम तो काम है." आणि समजूत म्हणून त्यांच्याकडे जमलेली बिस्किटं मला देऊन गेले.

मला फार अपराधी वाटू लागलं. लोक इतक्या लांबून येतात, सफरचंदं आणतात, आणि आपल्याकडे त्यांना दाखवायला काही नाही. सफरचंद कापताना हात थांबायचा. मग मी थोडं कण्हायला लागलो. कोणी आलं की खाटेवरून उठताना "आई गं" म्हणायचो. त्याने पाहुण्यांना जरा बरं वाटायचं.

बायकोच्या हे लक्षात आलं. "दुखत नाई तं कण्हता काऊन जी?"

"त्यांना वाईट वाटतं गं."

"मंग त्याइच्यासाठी छाती फाडून घ्याची होती पूर्ण." तिने बशी आपटली. कण्हणं बंद झालं, पण कण्हलो होतो याचं ओझं राहिलं ते राहिलंच.

खरी अडचण कामावर गेल्यावर कळली. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की उन्हाळ्यानंतर हा माणूस पहिल्यासारखं सगळं काम करू शकतो. खाणीच्या डॉक्टरांनीही तपासून होकार दिला. पण पंपावर कोणाला घ्यायचं हे फोरमनभाऊंच्या हातात. फोरमनभाऊ म्हणजे भामरागडकडचा काळासावळा, उंच माणूस. पावसाळ्यात गावाची वाट बंद व्हायची म्हणून ते कित्येक वर्षं पावसाळ्यात घरी गेले नव्हते आणि तो सगळा राग पंपांवर काढायचे. त्यांनी मला हजेरीच्या खोलीत, पंख्याखाली बसवलं.

"भाऊ, मी ठीक आहे."

"व्हॉल्व बदलून आनला?"

"नाही, दुरुस्त केला. आत कडी लावली."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी त्यांची फसवणूक झाल्याची बातमी आणली होती. "अरे, दुरुस्त केलेला व्हॉल्व टिकते का कधी? माहीत नाई तुले? एवढा फिटर तू! भर पावसात धोका देते तो. बदलून काऊन नाई घेतला?"

"डॉक्टर म्हणाले, आपला आपलाच बरा."

"अना जुना कुठी आहे?"

"जुना आतच आहे."

स्टोअरबाबू खिडकीतून ऐकत होते, त्यांनी मान हलवली. दुपारपर्यंत खाणभर झालं की हैदराबादवाल्यांनी याला बाजूने कापून शिवून परत पाठवलं, आत काही केलंच नाही. वाईट बुद्धीने कोणी बोलत नव्हतं. उलट सगळे फार जपायला लागले. मी पाण्याचा जग उचलला की कोणीतरी धावत येऊन काढून घ्यायचं. शिव्या तर पूर्णच बंद झाल्या. पंपावर असताना ज्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या ते लोक आता मला "बसा जी, बसा" म्हणायचे. त्या पंख्याखाली बसून मला कळलं की मला हृदयापेक्षा हे जास्त लागतंय. खड्ड्याच्या तळातून पंपांचा आवाज यायचा आणि मी रजिस्टरमध्ये इतरांच्या नावापुढे हजर लिहायचो. असाच निवृत्त होईन, असं वाटायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बोला नं त्याइले. मले सांगून का होते?"

पावसाळा अर्धा झाला असेल. एका दुपारी पाऊस थांबला होता. मी रजिस्टर मिटलं आणि तळाशी गेलो. चिखलात फोरमनभाऊ पंपाजवळ वाकून उभे होते. त्यांच्या हातात त्यांचा लांब स्क्रूड्रायव्हर. आमच्याकडे मशीनच्या आतलं ऐकायचं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग बिघडलंय की पाणी मागे गळतंय, सगळं कानात येतं. सगळे फिटर असंच ऐकतात.

मी म्हणालो, "भाऊ, मला पंपावर घ्या. नाहीतर सांगा काय करू म्हणजे विश्वास बसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे. मला वाटलं, रागावले. पण ते म्हणाले, "बटनं खोल."

मी शर्ट उघडला. त्यांनी टोक पुसलं, बोटावर दाबून टोचत नाही ना ते पाहिलं, छातीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. आजूबाजूची माणसं जमली. चाचा डोझर बाजूला लावून उतरले.

"पंपाचाच आवाज येऊन राह्यला," भाऊ म्हणाले. थोडं थांबून ओरडले, "बंद कर रे तो पंप!"

कोणी हललं नाही. भर पावसाळ्यात तळातला पंप बंद करायचा म्हणजे आमच्यात देवघरातला दिवा विझवण्यासारखं. "भाऊ, पानी चढन," कोणीतरी म्हणालं.

"चढू दे. कर बंद."

पंप थांबला. त्या खड्ड्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कोळशाच्या भिंतींतून झिरपणारं पाणी टपटपत होतं, वर कुठेतरी टिटवी ओरडली. भाऊ ऐकत होते. टोक थोडं डावीकडे सरकवलं, मग थोडं खाली. मला श्वास घ्यायचीही लाज वाटत होती, कारण माझ्या पायापाशी पाणी चिखलाच्या कडेने पुढे सरकताना मला दिसत होतं. एका माणसाच्या छातीसाठी.

"नाई गळत," शेवटी भाऊ म्हणाले. जरा नाराजच वाटले. "चोख बंद होते."

"मले पाहू दे." दुसऱ्या फिटरने स्क्रूड्रायव्हर घेतला. मग तिसऱ्याने. चाचांनी ऐकलं आणि म्हणाले, "मेरेसे अच्छा चल रहा है इसका," आणि लगेच आपलीही बटणं खोलली. त्यांचंही ऐकावं लागलं. पाणी चढतच होतं.

"बस झालं! लाव पंप!"

पंप सुरू झाला. घरघरला, फिरला, आणि फिरतच राहिला. पाणी आलं नाही. भाऊंनी नळीवर थाप मारली, तिच्यातून पोकळ आवाज आला.

"फूटव्हॉल्व गेला!"

तो मागच्याच आठवड्यात लावला होता. नवाकोरा. भाऊंनी स्वतः जुना जमा करून आणलेला. सगळ्यांनी एकदा नळीकडे आणि एकदा माझ्या उघड्या छातीकडे पाहिलं. मी घाईने बटणं लावली.

मग जी पळापळ झाली! बाजूचा पंप लावायचा, या नळीवरचा माती-गाळ सारून झडप वर काढायची, दुसरी बसवायची, वरून पाणी ओतून नळी भरायची. मी सवयीने एका बाजूला उभा राहिलो, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून. तेवढ्यात भाऊंची नजर माझ्यावर पडली.

"अबे ए! बाबूसारखा उभा काऊन राह्यला तिथी? हात काय भाड्यानं देल्ले का? बकेट आन!"

मी बादली उचलली. भरली, आणली, ओतली. पुन्हा गेलो. "लौकर, लौकर, म्हशीवानी चालू नको!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि पुढे आणखी जे म्हणालं ते इथे लिहिता येत नाही. माझे डोळे भरून आले. पावसाने सुरुवात केली होती म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पंपाने पाणी धरलं तेव्हा अंधारत आलं होतं. खालचा रस्ता थोडा बुडाला होता आणि तो माझ्यामुळे बुडाला, हे मला आजही वाटतं. भाऊंनी काढलेली झडप पायाने माझ्याकडे ढकलली. "ने रे हा स्टोअरले. उद्या सकाळी नवा आन. अना ड्यूटी इथीच लाव, वर बसू नको."

लोखंडी झडप चांगली वजनदार असते. ती खांद्यावर घेऊन मी चढ चढू लागलो. त्या मोठ्या दगडापाशी आलो आणि पाय आपोआप थांबले. मी धाप लागायची वाट पाहत उभा राहिलो. लागली नाही. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून पुढे निघालो.

स्टोअरबाबू कुलूप लावायच्या बेतात होते. मी झडप टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आत बोट घालून पाहिलं.

"हा तं पंपाचा आहे," ते म्हणाले.

"हो."

"अना तुमचा?"

मी सांगितलं, "तो चालू आहे."

त्यांनी थोडा विचार केला आणि झडप ढिगावर फेकली.