चाकणचा रानकांदा आणि बाबांची कात्री

रानकांद्याच्या मुळाचं टोक सकाळी दहाच्या सुमारास कापावं लागतं. त्या वेळी तिथल्या पेशी विभागत असतात आणि गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा प्रकल्प या कांद्यांवर होता. एक कांदा देहूजवळच्या टेकडीवरचा, दुसरा चाकणच्या एमआयडीसीमागच्या उतारावरचा. पानं, फुलं जवळजवळ सारखी. दोन्ही एकच जात आहे, की एका मूळ घराण्यातून फुटून वेगळ्या झालेल्या दोन जाती आहेत, हे त्यांची गुणसूत्रं शेजारी शेजारी ठेवून ठरवायचं होतं. रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या गॅलरीत अर्ध्या कापलेल्या बाटल्यांत हे कांदे मुळं सोडत बसलेले असत आणि आई कपडे वाळत घालताना त्यांचा उद्धार करत असे.

काम जुन्या पद्धतीचं. सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो मोठा छापायचा, कात्रीनं एकेक गुणसूत्र कापायचं, सारख्याला सारखं जोडायचं आणि शाळेच्या कवायतीत उभं करतात तसं उंचीप्रमाणे रांगेत चिकटवायचं. संगणक हे मिनिटभरात करतो. पण संगणकावर जोड्या लावणाऱ्यांचे डोळे आळशी होतात, असं आमच्या मार्गदर्शक मॅडमचं मत होतं आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक कांद्याच्या फोटोंची दहा पानं, प्रत्येक पानावर वीस गुणसूत्रं.

देहूची दहा पानं मी कापली. बोटाला घट्टा पडला. चाकणच्या पानांना हात घालणार तोच बाबा म्हणाले, "दे इकडं. मला कुठं काम हाय?"

त्यांना खरंच काम नव्हतं. लातूरकडून आलेल्या या माणसानं चाकणच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं सुट्या भागांची बर काढली होती. धातू कापला की कडेला नकोशी कुसं राहतात, ती बर. ती घासून कड साफ करायची. दिवाळीनंतर तिथे त्या कामाचं यंत्र आलं. बाबांना आधी पॅकिंगला बसवलं, मग ओव्हरटाइम बंद केला, आणि एके दिवशी शिफ्ट संपताना सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नका. कारण कुणी सांगितलं नाही. घरात तो विषय आम्ही बाबांसमोर टाळायचो.

बाबांनी तीन दिवसांत दहाही पानं कापली. काम इतकं स्वच्छ की मला माझ्या पानांची लाज वाटली. मी तुकडे चिकटवत गेले आणि एक गोष्ट लक्षात आली. देहूच्या कांद्यात तिसऱ्या जोडीच्या टोकांना बारीक धाग्यानं लोंबणारा एकेक ठिपका होता. चाकणच्या कांद्यात तो नव्हता. एकाही पानावर नव्हता. नात्यातल्या झाडांमध्ये असा फरक म्हणजे मोठी खूण, दोघांनी केव्हाच वेगळी चूल मांडल्याची. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे छापायला पाठवू." हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी मी आठवडाभर लेखाच्या मागे होते. निसर्ग इतका एकसारखा नसतो, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

लेखासाठी न कापलेला एक फोटो हवा होता, म्हणून प्रयोगशाळेतल्या संगणकावर चाकणची फाइल उघडली. तिसऱ्या जोडीला ठिपके होते. दुसरी फाइल उघडली, तिच्यातही होते. दहाही उघडल्या. वीसच्या वीस ठिपके जागेवर होते. कागदावरून ते कुठे गेले हे कळायला मला वेळ लागला नाही.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग एकच जात. तसं लिही," एवढंच म्हणाल्या. बाबांना मात्र कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. आधीच माणूस खचलेला. प्रयोगशाळेतच फोटो पुन्हा छापले, स्वतः कापले, चिकटवले आणि प्रबंधाची कच्ची प्रत घरी आणली. माझ्या समजूतदारपणाचं मला कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाबांनी हात धुऊन, पुसून प्रत उघडली. चाकणच्या पानावर थांबले. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"हे माझं काम नाही."

त्यांनी बोट तिसऱ्या जोडीवर ठेवलं.

"हे ठिपके मी काढले होते. बर समजून. पाहिजे होते का ते?"

"हो. सगळं त्यांच्यावरच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं मी म्हटलं. त्यांनी प्रत मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"रिजेक्ट झालेला माल ज्यानं केला त्याला दाखवतेत, माय. हातात देऊन दाखवतेत. न दाखवता काम काढून घेतलं की माणूसच रिजेक्ट."

मला शरम वाटली. सुपरवायझरला आम्ही घरात बसून इतकी नावं ठेवली होती, आणि मी वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी चाकणचे दहाही फोटो पुन्हा छापून आणले. बाबांना गॅलरीत उजेडात बसवलं, ठिपका दाखवला, त्याला धरून ठेवणारा केसाएवढा धागा दाखवला आणि त्यावरून झाडांचं नातं कसं ठरतं तेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग कात्री घेतली. एकही धागा तुटला नाही.

शेवटचं पान झाल्यावर त्यांनी माझी देहूची पानं मागून घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ही पण छापून आण उद्या. कडा लई खराब हायेत."